रात्री टीएनटीवर लागलेला ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर, लोखंडी हातांचा माणूस, नाव सांगा कोणीतरी

मिरजेचा_भाचा

मंडळी, गेली पंचवीस-सव्वीस वर्षं एक पिक्चर डोक्यात घर करून बसलाय आणि नाव काही केल्या सापडत नाहीये, जाणकारांनी प्रकाश टाकावा.

साल बहुतेक ९८, मे महिना, मी मामाकडे मिरजेला रेल्वे क्वार्टरमध्ये सुट्टीला. त्या वेळी कार्टून नेटवर्क रात्री बंद व्हायचं आणि त्याच चॅनलवर टीएनटी सुरू व्हायचं हे ज्यांनी बघितलंय त्यांना आठवत असेल, म्हणजे आत्ता उंदीर मांजराला बडवतोय आणि पाच मिनिटांत एकदम सिंह डरकाळी फोडतो आणि कोट-टोपीवाली माणसं फाडफाड इंग्रजी बोलायला लागतात. मोठी माणसं म्हणायची झोपा आता, आणि आम्ही (मी आणि मामेभाऊ बबल्या, तो तेरा वर्षांचा, मी दहा) आवाज एकदम बारीक करून बसून राहायचो. इंग्रजी शष्प कळायचं नाही. सबटायटल वगैरे लाड तेव्हा नव्हते.

तर त्या पिक्चरमध्ये एक टकलू डॉक्टर किंवा शास्त्रज्ञ होता, गोल गुळगुळीत डोकं, डोळे असे बाहेर आलेले, आणि आवाज मात्र इतका मऊ की तो गोड बोलायला लागला की जास्त भीती वाटायची. एक रेल्वे अपघात होता (हे पक्कं आठवतंय कारण बाहेर यार्डात खरंच शंटिंग चाललं होतं, टीव्हीतला आवाज कुठला आणि बाहेरचा कुठला कळेना). एक पियानोवाला होता, त्याच्या हातांना पट्ट्या. मग तो माणूस चाकू फेकतो. एक बाई पुतळ्यासारखी उभी असते की पुतळाच असतो ते आठवत नाही.

आणि मग तो सीन. अंधारी खोली, समोर एक माणूस बसलेला, डोक्यावर मोठी टोपी, काळा चष्मा. तो हात पुढे करतो तर हातांच्या जागी लोखंडी पंजे. मग तो हसत हसत अंगावरचं बाजूला करतो आणि मानेभोवती लोखंड आणि चामड्याचा भलामोठा पट्टा, म्हणजे मुंडकं तोडलेला माणूस त्या टकल्याने परत शिवून जिवंत केलाय, असं आम्ही दोघांनी समजून घेतलं.

आणि नेमकी तेव्हा लाइट गेली!!

त्या मिट्ट काळोखात बबल्याने स्वयंपाकघरातून सांडशी आणून माझ्या मानेला लावली. पुढचं लिहीत नाही, लहान मुलं पण वाचत असतील. तर त्या लोखंडी हातवाल्याचं पुढे काय झालं ते मला आजपर्यंत माहीत नाही. कोणी बघितलाय का? मोबाईलवरून टाइप करतोय, शुद्धलेखन समजून घ्या.

फुकटफौजदार

अहो यात काय एवढं, फ्रँकेनस्टाइन की! १९३१ चा, बोरिस कार्लोफवाला. वेडा शास्त्रज्ञ, मेलेला माणूस शिवून जिवंत केलेला, मानेला लोखंड. धागा बंद करा, चहा पाजा.

मिरजेचा_भाचा

@फुकटफौजदार नाही हो, फ्रँकेनस्टाइन नंतर बघितला मी, त्याचा राक्षस चौकोनी डोक्याचा, मानेला दोन बाजूंनी दोन खिळे. आणि त्यात पियानो कुठाय. ह्या पिक्चरमधला लोखंडी हातवाला बोलत होता, चांगला खिदळत होता. फक्त एक गंमत, तो पियानोवाला आणि फ्रँकेनस्टाइनमधला शास्त्रज्ञ दिसायला सारखेच वाटले मला. पण तेव्हाचे सगळेच गोरे आम्हाला सारखे दिसायचे.

रातकिडा

पियानो + हात + बाहेर आलेले डोळे = द बीस्ट विथ फाइव्ह फिंगर्स, १९४६. पीटर लोरे हा नट आहे त्यात. मेलेल्या पियानोवाल्याचा तुटलेला पंजा घरभर सरपटत फिरतो आणि रात्री पियानो वाजवतो. वॉर्नरचा आहे म्हणजे टीएनटीवर लागलेला असू शकतो. मी पैज लावायला तयार आहे.

मिरजेचा_भाचा

सरपटणारा पंजा नव्हता. असता तर आठवला असता, माझी तेव्हा पाल बघून तंतरायची.

जुनी_रिळं

रातकिडा, माणूस बरोबर धरलात पण पिक्चर चुकला. लोरे केसांसकट आहे तुमच्या पिक्चरमध्ये. यांना हवाय तो मॅड लव्ह, एमजीएम स्टुडिओचा, १९३५. लोरेचा हा अमेरिकेतला पहिला पिक्चर आणि त्यासाठी त्याने डोकं भादरून घेतलं होतं. भाचेबुवांनी "सिंह डरकाळी फोडतो" लिहिलं तिथेच निम्मा उलगडा झाला होता, तो सिंह म्हणजे एमजीएमचं चिन्ह. टीएनटीवाल्या टर्नरने १९८६ मध्ये एमजीएमचा जुना खजिना घेतला, त्यातच वॉर्नरचे १९५० च्या आधीचे पिक्चर पण आले, आणि टीएनटीवर रात्री जे लागायचं ते बहुतेक त्याच गोदामातलं. फ्रँकेनस्टाइन, ड्रॅक्युला हे युनिव्हर्सलचे, दुसऱ्याच्या दुकानातला माल, त्यामुळे फौजदारांचा तर्क तिथेच बाद.

आता गोष्ट सांगतो, पुढे सगळं उघड करणार आहे तेव्हा ज्यांना बघायचाय त्यांनी इथे थांबा.

पॅरिस. डॉक्टर गोगोल म्हणजे मोठा नावाजलेला सर्जन, गरिबांच्या पोरांची ऑपरेशनं फुकट करणारा. हे लक्षात ठेवा, तो पहिल्यापासून राक्षस नाहीये. पण हा माणूस रोज रात्री एका थिएटरात, जिथे नुसती छळाची आणि रक्ताची नाटकं होतात, ठरलेल्या बॉक्समध्ये बसून इव्होन नावाच्या नटीला बघत असतो, आणि कुठे गिलोटिनवर (मुंडकं उडवायचं यंत्र) कोणाला चढवणार असले की तिथेही हजर. इव्होनचं लग्न झालंय, नवरा स्टीफन ऑर्लाक, पियानोवादक. ती नाटक सोडून जाणार म्हटल्यावर हा बाबा तिचा मेणाचा पुतळा विकत घेऊन घरी आणतो आणि त्याच्यापुढे बसून ऑर्गन वाजवतो. (भाचे, तुमची पुतळ्यासारखी बाई ही. आणि पुतळाच होती की बाई होती हा तुम्हाला पडलेला प्रश्न अगदी रास्त आहे, ते शेवटी कळेल.)

मग रेल्वे अपघात. नवऱ्याच्या हातांचा चेंदामेंदा. बायको नाइलाजाने गोगोलच्याच दारात येते. त्याच सुमाराला रोलो नावाच्या सर्कशीतल्या चाकूफेक्याला खुनासाठी गिलोटिनवर चढवलेलं असतं, तर गोगोल त्याचे हात काढून ह्याला बसवतो आणि सांगत कोणालाच नाही. पुढे पियानोवर बोटं चालेनात, पण हातात टोकदार काही आलं की सट्कन फेकलं जातंय आणि बरोब्बर जाऊन रुततंय, मग ते साधं फाउंटन पेन का असेना. हा सीन मला सगळ्या पिक्चरमधला सगळ्यात भारी वाटतो, कारण फेकून झाल्यावर त्याला स्वतःलाच कळत नाही की हे केलं कोणी.

आणि आता तुमचा लोखंडी हातवाला. तो माणूस ऑर्लाकला म्हणतो की तुझे हात माझे आहेत, मी रोलो, माझं मुंडकं उडवलं होतं ते गोगोलने परत बसवलं. पण भाचे, मेलेला माणूस जिवंत वगैरे काही झालेलं नाहीये. टोपी, चष्मा, लोखंडी पंजे, मानेचा पट्टा, सगळं सोंग. आत गोगोलच आहे! नवऱ्याला वेड लागावं म्हणून डॉक्टर स्वतः मेलेल्या माणसाचं सोंग घेऊन बसलाय. तो घरी जाऊन सगळं उतरवतो आणि एकटाच खदाखदा हसतो तो सीन त्यानंतरचा. तुमची लाइट दहा मिनिटं उशिरा गेली असती तर पंचवीस वर्षं वाचली असती.

दिग्दर्शक कार्ल फ्रॉइंड, हा मुळात कॅमेरावाला, जर्मनीत मेट्रोपोलिस त्याने शूट केला, हॉलिवूडला येऊन ड्रॅक्युला शूट केला, १९३२ चा द ममी दिग्दर्शित केला. मॅड लव्ह हा त्याने दिग्दर्शित केलेला शेवटचा. मग परत कॅमेऱ्याकडे गेला, द गुड अर्थसाठी ऑस्कर घेतलं आणि म्हातारपणी टीव्हीवरच्या आय लव्ह लूसीचं लाइटिंग केलं, म्हणजे भुतांच्या सावल्या पाडणारा माणूस शेवटी विनोदी मालिकेत सावल्या घालवायचं काम करत होता. मॅड लव्हला कॅमेऱ्यावर ग्रेग टोलंड पण होता, तोच पुढे सिटिझन केन करणारा. मूळ गोष्ट मॉरिस रनार ह्या फ्रेंच लेखकाच्या १९२० च्या कादंबरीतली, त्यावर १९२४ मध्ये एक मूकपट पण झाला होता, कॉनराड फाइटचा. तो पिक्चर नुसत्या हातांच्या जोरावर चालतो, हात पुढे करून माणूस जणू दुसऱ्याच कोणाच्या तरी मागे ओढला जातोय असा.

हं, आणि तुमचे डोळे तेव्हाही शाबूत होते. पियानोवाला कॉलिन क्लाइव्ह, म्हणजेच फ्रँकेनस्टाइनमधला शास्त्रज्ञ. तिकडे प्रेतांचे हात जोडणारा, इकडे प्रेताचे हात जोडून घेणारा. १९३७ मध्ये गेला बिचारा, अवघा ३७ वर्षांचा.

रातकिडा

दंडवत. पैज हरलो.

सुईदोरा

मी हँड थेरपीमध्ये काम करते त्यामुळे राहवलं नाही. १९३५ साली हे नुसतं कल्पनेतलं होतं पण आता खरंच होतं. फ्रान्समध्येच, लियोंला, १९९८ साली एका माणसाला मेलेल्या माणसाचा हात बसवला (भाचेसाहेब, तुमचा पिक्चर आणि हे एकाच वर्षी!) आणि पुढे २००१ मध्ये त्याने तो काढून टाकायला लावला, हा माझा वाटतच नाही म्हणाला. शरीराने परका हात नाकारू नये म्हणून असतात त्या गोळ्या त्याने नीट घेतल्या नव्हत्या हा भाग आहेच. पण "माझा वाटत नाही" हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, पिक्चर न बघता.

आपल्याकडे पहिले दोन्ही हात बसवले ते कोचीला, २०१५ च्या जानेवारीत.

आता पिक्चरमध्ये पट्ट्या सोडल्या की गडी थेट चाकू फेकायला लागतो, तेवढं काही होत नाही हो. हाडाला प्लेट, मग रक्तवाहिन्या, मग स्नायूंच्या दोऱ्या, मग नसा (नर्व्ह), डझनावारी माणसं चौदा-पंधरा तास उभी असतात. आणि नस वाढते दिवसाला साधारण एक मिलिमीटर. हिशोब करा, मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत पोचायला किती महिने. तोपर्यंत हात असतो पण कळत काही नाही, चहाचा कप गरम आहे की गार ते डोळ्यांनी बघून ठरवायचं. माझे पेशंट प्रत्यारोपणाचे नाहीत, मशीनमध्ये हात गेलेले, बोटं जोडलेले असतात, पण ते पण पहिले काही महिने हाताकडे असं बघतात ना की पाहुणा आलाय घरात. एक जण तर "हा" म्हणायचा नाही, "तो" म्हणायचा. तो आज दुखतोय. तो आज हलला.

आणि हातात आधीच्या माणसाची सवय वगैरे राहत नाही, सवय मेंदूत असते. उलटंच होतं. कोचीलाच २०१७ मध्ये एका विद्यार्थिनीला एका मुलाचे हात बसवले, पुढे पेपरात फोटो आले होते, हातांचा रंग तिच्या रंगाकडे आला, बोटं सडसडीत झाली. हात तिच्यासारखे झाले, ती हातांसारखी नाही झाली. गोगोलला कोणीतरी हे सांगायला हवं होतं.

अनघा_ठाणे

@सुईदोरा "तो आज हलला" वाचून मी जेवता जेवता थांबले. काय लिहिलंय.

टीएनटीवाले इथे अजून आहेत हे बघून फार बरं वाटलं. आमच्याकडे बाबा मुद्दाम तेवढ्यासाठी जागायचे, आणि आई म्हणायची दिवसभर पोरं आणि रात्रभर हे, त्या टीव्हीला श्वास घेऊ द्या. मॅड लव्ह मी मात्र कॉलेजात बघितला. मला त्यातला काकाकुवा आवडतो, कोणी त्याचं नाव पण काढलं नाही. गोगोलच्या घरची म्हातारी कामवाली कायम प्यायलेली आणि खांद्यावर पांढराशुभ्र काकाकुवा. शेवटी इव्होन त्या घरात अडकते आणि पुतळ्याच्या जागी पुतळा होऊन उभी राहते, श्वास रोखून, आणि तो मेला पक्षी तिच्या गालावर ओरबाडतो आणि रक्त येतं. मेणाला रक्त! गोगोलला वाटतं आपल्या प्रेमाने पुतळा जिवंत झाला. मला त्या क्षणी त्याची दया आली होती खरं सांगते, नंतर तो तिच्याच वेणीने तिचा गळा आवळायला लागतो तेव्हा गेली दया. आणि मग दाराच्या झरोक्यातून नवरा चाकू फेकतो, त्याच हातांनी. म्हणजे गोगोलने बसवलेल्या हातांनीच गोगोल मेला. जेमतेम सत्तर मिनिटांचा पिक्चर आहे, आजकाल तेवढ्यात वेबसिरीजवाल्यांची श्रेयनामावली पण संपत नाही.

एक खटकलं ते पण सांगते. तो वार्ताहर आहे ना, विनोदासाठी घुसवलेला, तो आला की मी चहा टाकायला उठायचे.

जुनी_रिळं

वार्ताहराबद्दल हजार टक्के सहमत. कात्री मिळाली तर पहिला तोच.

फुकटफौजदार

माझी एवढी पडझड झालीच आहे तर जाता जाता एक अवांतर टाकतो, फ्रँकेनस्टाइनला अगदीच परका समजू नका. बोरिस कार्लोफ म्हणजे खरा विल्यम हेन्री प्रॅट, आणि त्याच्या आईची आई ही ॲना लिओनोवेन्सची सख्खी बहीण. ॲना म्हणजे ती सयामच्या राजाच्या पोरांना शिकवायला गेलेली बाई, जिच्यावर द किंग अँड आय निघाला. तर ही ॲना जन्मली १८३१ साली आमच्या नगरला! आता अहिल्यानगर म्हणा. म्हणजे फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसाची चुलत-मावस काय असेल ती आजी नगरची. मी नगरचा आहे म्हणून फ्रँकेनस्टाइन म्हणालो होतो, गावकीचा अभिमान समजा.

रातकिडा

हहपुवा (हसून हसून पुरे वाट). चहा तुम्हीच पाजा आता.

मिरजेचा_भाचा

धागा वर काढतोय. मंडळी, सापडला, बघितला, काल रात्री, मुद्दाम दिवे घालवून. जुनी_रिळं तुमचे पाय कुठे आहेत.

सुरुवातीची नावं काचेवर लिहिल्यासारखी येतात आणि एक मूठ येऊन काच फोडते, तिथेच मी दहा वर्षांचा झालो. पण गंमत म्हणजे तो सीन आला आणि मला भीती वाटलीच नाही. वाटलं ते असं की हा आवाज ओळखीचा आहे. लहानपणी शब्द कळत नव्हते म्हणून आवाजाकडे लक्ष गेलं नसेल का? की उलटं, तेव्हाच लक्ष जायला हवं होतं? काल तर पहिल्या वाक्यालाच कळलं की टोपीखाली लोरे आहे. पंजे मला आठवत होते त्याहून लहान निघाले. मानेचा पट्टा मात्र होता तसाच, किंबहुना जास्तच वाईट, माणूस जरा मान वळवायला गेला की सगळं खांद्यासकट वळतं. कोणीतरी हे नीट विचार करून बनवलंय. अनघाताई, काकाकुवा बघितला, मानलं. सुईदोरा, तुमचा "तो" पूर्ण पिक्चरभर डोक्यात होता, ऑर्लाक पियानोसमोर बसून हातांकडे बघतो तेव्हा तर फारच.

बबल्याला लगेच फोन केला. तो आता सांगलीला असतो, दोन पोरांचा बाप, मी त्याला बबल्या म्हणालो की वहिनी हसते. म्हटलं अरे तो मुंडकं शिवलेला माणूस नव्हताच, तो टकल्याच होता, सोंग घेतलेला. तर पलीकडे गप्प. मग म्हणाला, म्हणजे मी एवढी वर्षं रात्री उठलो की यार्डाकडची खिडकी लावून घ्यायचो ती फुकटच का. मला सांडशी लावणारा हा!! स्वतः टरकला होता म्हणून मला टरकवलं म्हणे.

फोन स्पीकरवर होता, मामी मागे कुठेतरी शेंगा निवडत होती, ती म्हणाली कसली लाइट गेली म्हणतोय तो? लाइट गेलीच नव्हती त्या रात्री. तुझ्या मामाला पहाटे चारची ड्युटी होती, तुमचा टीव्ही काही बंद होईना, दोनदा सांगून झालं, मग त्यांनीच बाहेर जाऊन मेन स्विच खाली केला आणि परत येऊन झोपले. सकाळी तुम्ही विचारलंत लाइट कधी आली, तर चहा पीत पीत म्हणाले, एमएसईबीचं काही खरं नाही.